साहेबांचा पांढरा शर्ट

"उद्या एक जरी काळा ठिपका दिसला, तरी चादरी दुसऱ्या लाँड्रीत जातील," असं इस्पितळाची मेट्रन बजावून गेली आणि आत्याने बाकावर बसकणच मारली. इस्पितळाच्या चादरींवरच तिची लाँड्री चालत होती.

सुट्टीला आलेली तिची भाचरं, झिपरी, चष्मिष आणि पोपट, चिडली. समोरच डिझेलवर चालणारं वीजकेंद्र होतं. तिथल्या साहेबांकडे आत्या आधीच जाऊन आली होती. धूर वर आकाशात जातो, तुमचा साबणच वाईट, असं त्यांनी खुशाल सांगितलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा!

चष्मिषने दोन उशीचे अभ्रे एकाच साबणाने धुतले. एक खोलीत वाळवला, एक अंगणात. खोलीतला पांढराशुभ्र निघाला, अंगणातल्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. बोट लावलं तर तेलकट काळं पसरलं.

पोपट गच्चीवर चढला. केंद्राच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. तिचं शेपूट साहेबांच्या बंगल्याकडे असलं की धुराडं गप्प. दुपारी ते लाँड्रीकडे वळलं की काळा लोट! फाटकापाशी चहा पिणाऱ्या ऑपरेटरकाकांना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं. इंजिनाच्या नळ्यांतली काजळी रोज हवेच्या झोताने उडवावी लागते. पण वारा बंगल्याकडे असताना उडवायची नाही, तिथले पडदे खराब होतात, हा साहेबांचा हुकूम.

"म्हणजे पडदे त्यांचे आणि छाती आमची?" झिपरीचा पारा चढला. तिने आत्याकडून मेट्रनला फोन करवला आणि स्वतः तडक साहेबांकडे गेली. साबण वाईट आहे ना, मग उद्या दुपारी येऊन मेट्रनबाईंसमोर सांगा, म्हणाली.

मेट्रन आली, साहेबही आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात उभे राहिले आणि साबणावर भाषण देऊ लागले. पलीकडे नळीचं शेपूट हळूच लाँड्रीकडे वळलं. ऑपरेटरकाकांनी हुकूम इमानेइतबारे पाळला. घर्रर्र!

साहेबांनी खांद्यावरचा ठिपका झटकला. त्याचा पट्टा झाला.

"साहेब, हा शर्ट कुठल्या साबणाने धुतला होता?" झिपरीने विचारलं.

साहेबांनी तो पट्टा हाताने झाकला. मग पुटपुटले, की उद्यापासून वारा दुसरीकडे असताना उडवू.

"तिकडेही माणसंच राहतात. काजळी अडवणारी गाळणी बसवा," झिपरी म्हणाली. ती तसूभरही हलली नाही.

मेट्रनने आपल्या बाहीवरचे ठिपके पाहिले. हेच आमच्या रुग्णांच्या छातीत जात असणार, म्हणाली. गाळणी बसेपर्यंत काजळी उडवणं बंद, नाहीतर आजच प्रदूषण खात्याकडे तक्रार. साहेबांना मान डोलवावीच लागली. चादरी आत्याकडेच राहिल्या.

आत्याने तिघांनाही जवळ ओढलं. "सुट्टीत पोरं उच्छाद मांडतात म्हणे. असाच मांडत जा रे!"

मग तिने साहेबांपुढे हात केला. "द्या तो शर्ट, फुकट धुऊन देते. पण वाळत घालणार इथंच."