कोपऱ्यात गेलेला दगड

बस. पाय तेवढे जपून ठेव, तिथून वायर गेली आहे. दिवा राहू दे तसाच, फार उजेड झाला की पडद्यावरचं नीट दिसत नाही.

त्या दिवशी मी ताईकडे, म्हणजे या घरात, आले होते ती अगदी साध्या कामाला. जुन्या व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा, तुला माहीतच आहे. लोक हसतात, पण पोट त्यावरच चालतं. ताईचा फोन आला की कन्सोल फार तापतोय, बघून जा. भरदुपारची वेळ होती. पिशवीत पेचकस, ब्रश आणि एक छोटा पंखा टाकला आणि निघाले.

तापणार नाही तर काय! कित्येक महिने तो बंदच झाला नव्हता. भाऊजी त्याच्यासमोरच गेले. खेळ थांबवून पाणी प्यायला उठले आणि उठता उठताच कोसळले. खेळाच्या कार्ट्रिजमधली बॅटरी कधीच संपली होती, त्यामुळे खेळ सेव्ह होत नसे. कन्सोल बंद केला की सगळं पुसलं जाणार. म्हणून ताईने तो बंदच केला नाही. वीज गेली तर म्हणून बॅकअप बसवला. कोणी चुकून बटण दाबेल म्हणून घराबाहेर पडणं सोडलं. नोकरी गेली, मैत्रिणी यायच्या थांबल्या. मी समजावून समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

खोलीत पडदे ओढलेले होते. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक वास, ओला, शेवाळलेल्या दगडाचा. भिंतीला ओल आली असेल म्हणून मी सोडून दिलं. ताई खुर्चीत बसली होती. तिचा चेहरा उन्हावाचून पांढराफटक पडला होता. मला तिचा राग आला आणि कीवही.

"बंद करू या गं," मी म्हटलं.

तिने पडद्यावर थांबलेल्या छोट्या माणसाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आधी त्यांना तिथून बाहेर काढ. मग तुझ्या हाताने बंद कर. मी अडवणार नाही."

मला हायसं वाटलं. एवढंच ना? तो खेळ मला तोंडपाठ होता. कंदील घेतलेला एक छोटा माणूस पाण्याखालच्या तळघरात उतरतो, खोल्यांमागून खोल्या पार करतो आणि दुसऱ्या टोकाने वर येतो. तळघर अवघड, लोक त्याला शिव्या घालतच लहानाचे मोठे झाले. पण मी ते कितीदा तरी पार केलं होतं. ताईला पुन्हा उन्हात चालताना पाहायचं असेल, तर एक दुपार गेली तरी चालणार होती.

मी खेळ सुरू केला आणि भाऊजींनी काय करून ठेवलंय ते पाहून कपाळावर हात मारला. त्या खोलीला एकच दार. जमिनीत एक चौकोनी फरशी आहे, तिच्यावर वजन असेल तोवरच दार उघडं राहतं. वजनासाठी एक दगड दिलेला असतो, तो ढकलत फरशीवर न्यायचा. पण या खेळात दगड ढकलता येतो, ओढता येत नाही. भाऊजी स्वभावाने घायकुते. त्यांनी तो ढकलत नेऊन थेट कोपऱ्यात घातला होता. कोपऱ्यात गेलेला दगड पुन्हा निघत नाही. स्वतः फरशीवर उभं राहावं तर दार उघडतं आणि पाय काढला की मिटतं.

तरी मी प्रयत्न केला. फरशीवरून पळत सुटायचं, दाराशी पोचायच्या आत ते मिटायचं. पुन्हा पळायचं, पुन्हा मिटायचं. ते मिटण्याचा आवाज टीव्हीच्या मानाने फार जड वाटू लागला. कंदिलाचा उजेड आखडत चालला होता. मला श्वास पुरेना. उठून खिडकी उघडावी असं मनात येत होतं, पण उठवत नव्हतं.

शेवटी ताईला खरं ते सांगितलं. खेळ पहिल्यापासून सुरू करणं एवढाच उपाय आहे, आणि तसं केलं की हा माणूस पुसला जाईल.

"म्हणजे फरशीवर दुसरं कोणीतरी उभं राहायला हवं," ती म्हणाली.

मी सांगितलं की हा एकट्याने खेळायचा खेळ आहे, त्यात दुसरं कोणी नसतंच. तिने ऐकून घेतलं, खणातून जुना दुसरा कंट्रोलर काढला आणि मांडीवर घेतला. वायर जोडलीच नाही. ती तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होती.

आणि पडद्यावर, भिंतीला टेकून, दुसरी एक आकृती उभी होती. तिच्या हातात कंदील नव्हता.

यंत्र तापलं की चित्रं दुप्पट दिसतात, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. तेच मी मनाशी म्हटलं. ताईचा अंगठा हलला. ती आकृती सरळ चालत फरशीवर जाऊन थांबली. दार उघडलं.

"ने त्यांना..." ताई हळूच म्हणाली.

"ताई, थांब जरा. हे काहीतरी..."

"ने गं."

मी नेलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती, पण तिला मोकळं करायची घाई त्याहून मोठी होती. कंदीलवाला दारातून बाहेर गेला. त्याच्यामागे यायला त्या आकृतीने फरशीवरून पाऊल उचललं आणि दार मिटलं. आवाज टीव्हीतून आला नाही. आमच्या पाठीमागून आला.

ताईच्या हातातला कंट्रोलर खाली घसरला. पाण्यातून वर आल्यावर घेतात तसा तिने मोठा श्वास घेतला. उठली, पडदे सारले, खिडकी उघडली, आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. खोलीभर ऊन आलं. मला रडूच फुटलं. सुटली एकदाची!

मग पाठमोरीच ती म्हणाली, "मेहुणीबाई, किती कोंदट झालंय हो इथे."

आवाज ताईचाच होता. पण मला मेहुणीबाई म्हणणारा माणूस जगात एकच होता.

ती जिना धडधडत उतरून गेली. माझं बोट कन्सोलच्या बटणावर होतं. पडद्यावर मिटलेलं दार आणि आतली ती आकृती. तिने दार ढकललं, मग कोपऱ्यातला दगड ढकलून पाहिला. मी खेळ थांबवायचं बटण दाबलं. खेळ थांबला, ती थांबली नाही. मग ती खाली बसली. या खेळातलं एकेक चित्र मला माहीत आहे. चालण्याचं आहे, पळण्याचं आहे, मरण्याचंही आहे. बसण्याचं नाही. ती उजवा पाय लांब करून बसली, गुडघा धरला की ताई बसते तशी.

मी बोट काढून घेतलं. तेव्हापासून मी इथेच आहे. जी बाहेर गेली ती अधूनमधून येते, दारातूनच विचारपूस करते आणि हसत निघून जाते. दुकान बंदच आहे. मीही खूप डोकं लढवलं, पण फरशीवर उभं राहायला बाहेरून कुणालाच आत पाठवता येत नाही.

निदान आजपर्यंत तरी येत नव्हतं. तू यायच्या जरा आधी पडद्यावरची ती उठून थोडी बाजूला सरकली आणि परत बसली. बघ ना, शेजारी बरोबर एकाची जागा ठेवली आहे.