काळी चौकट

"खाणीत माणूस गेला, की पहिल्या पानाला काळी चौकट. राज्य कुणाचंही असो, हा नेम मोडू नकोस." खाणकामगार संघटनेच्या वृत्तपत्राचा पहिला संपादक याकुब मरताना हे बोलला होता, आणि आता, बोहेमियातील लिपोवा गावावर पहाट उजाडत असताना, खाणीचा लोखंडी मनोरा शरण गेलेल्या गडाच्या बुरुजासारखा धुक्यात उभा असताना, याकुबच्या गादीवर बसलेल्या ओताकारच्या कानांत तेच शब्द घुमत होते. आदल्या दिवशी स्फोटात माणसे गाडली गेली होती आणि समाजवादी राजधानीचे फर्मान सुटले होते: उत्पादनाच्या विक्रमाचे अभिनंदन छापावे, मृतांविषयी अवाक्षर नको.

फर्मान घेऊन आला तो संघटनेचा अध्यक्ष व्हिलेम, ओताकारचा जुना खाणसोबती.

"या वेळी चौकट नाही, संपादकमहाशय."

"मालकांच्या अमदानीत याच चौकटीपायी आपण दोघांनी लाठ्या खाल्ल्या. पाठ विसरली काय तुझी?"

"आता राज्य आपलं आहे."

"मग आपल्या राज्यात माणसं मरत नाहीत वाटतं?"

"मरतात," व्हिलेम हळूच म्हणाला. "बायकोचा तरी विचार कर."

ओताकारची बायको लुदमिला पलीकडेच छपाईचे खिळे जुळवत होती. "माझं मी पाहीन, अध्यक्षमहाराज. तुमच्या नव्या कोटाला शाई लागेल, जपा."

तो गेल्यावर ओताकारने विचारले, "मी नसलो तर?"

"तरी चौकट राहील."

अंक निघाला. अभिनंदनाचा शब्दन्‌शब्द होता, सर्वोच्च नेत्याची तसबीर होती, मृतांविषयी अवाक्षर नव्हते. मात्र त्या साऱ्याभोवती बोटभर जाड काळी चौकट होती. खाणीच्या फाटकावरच्या फळ्यावर अंक चिकटवला गेला, तेव्हा पाळीवर निघालेल्या कामगारांनी एकामागून एक टोप्या काढल्या.

दुपारी शिपाई आले. आरोप: नेत्याचे मरण चिंतिल्याचा; साक्षीदार: व्हिलेम; शिक्षा: त्याच खाणीत सक्तमजुरी. लुदमिलाला छापखान्याचे दार बंद झाले.

पुढल्या हिवाळ्यात खाणीचे छत कोसळले आणि ओताकार खालीच राहिला. दुसऱ्या दिवशीचे पहिले पान स्वच्छ होते. त्यावर नवा विक्रम होता.

व्हिलेम सांत्वनाला आला. "माझ्या हातात काही नव्हतं, लुदमिला."

"खरंय. तुमच्या हातात कधीच काही नव्हतं. चहा घ्या."

त्याने तो घेतला नाही. त्याची पावले दूर गेल्यावर तिने शेगडीजवळच्या टोपलीतून कोळशाचा एक टोकदार तुकडा निवडला, पदराआड घ्यावा तसा शालीआड घेतला, आणि दार हलकेच ओढून ती फाटकावरच्या फळ्याकडे निघाली.