वाळ्यातला वारा

कॅन्टीनमध्ये सौंदर्याच्या हातून चहा सांडला, तोही नेमका एका अनोळखी मुलाच्या वहीवर. घाईघाईनं ओढणीनं पुसताना तिला दिसलं – गणित चुकलंय! तेव्हाच निमूट निघून गेली असती, तर त्याला शिकवण्याचा महिनाभराचा ताप वाचला असता.

मुलाचं नाव सम्राट. हुपरीचा, घरातच चांदीचं काम. फिजिक्सचा पेपर एकदा राहिलेला, आणि आता उद्यावर पुन्हा परीक्षा. याही वेळी राहिला, तर त्याचे वडील, आण्णा, कॉलेज सोडवून त्याला कामाला बसवणार होते. मग सकाळच्या एसटीनं येणारा हा प्राणी दिसणारच नाही... या विचारानं सौंदर्याला रडू यायचं, आणि त्याची वही बघितली की डोकं फिरायचं.

"परत कॉस तीस?" तिनं कॅन्टीनच्या टेबलावर पेन आपटलं. "पृष्ठभागाशी तीसचा कोन, म्हणजे लंबाशी किती?"

"साठ की."

"मग फ्लक्सला कुठला घ्यायचा?"

"...तीस?"

"देवा! किती डोकं फोडू रं? दमवलंस बघ मला!"

"आमच्यात चांदीच्या पत्र्यावरनंच कोन धरत्यात," तो ओशाळला. "ल्हानपणापासनं हाताला तीच सवय."

त्याच्या पिशवीतून एक चांदीचा वाळा डोकावत होता. तिनं तो ओढून काढला.

"अगं, त्यो नको—"

"गप!" तिनं वाळा काउंटरवरच्या पंख्यासमोर धरला. "असा समोर धरला की वारा सगळा आरपार, म्हणजे फ्लक्स पुरा. असा आडवा केला की?"

"कायच न्हाय. शून्य!"

"म्हणजे कड बघायची न्हाय. वाळ्याचं तोंड कुणीकडं हाय ते बघायचं. तोच लंब."

सम्राट बघतच राहिला. मग वही ओढून त्यानं ओळीनं चार गणितं सोडवली. चारही बरोबर!

"धर तुझा वाळा."

"ऱ्हाऊ दे..." त्याचे कान लाल झाले. "तुझ्याच मापाचा हाय."

"माझं माप कधी घेतलंस?"

"घेतलं न्हाय. रोज बघतोय की... नजरंनंच."

तिनं टेबलाखाली वाकून वाळा पायात चढवला. अगदी बेताचा बसला. तिचा जीव सुखावला, आणि पाठोपाठ पारा चढला.

"पायाचं माप नजरंनं बिनचूक, आणि साठ-तीस महिनाभर कळंना? दुसरा कुठाय?"

"घरात. ह्यो नुसता तुझ्या पायाशी ताडून बघायला आणलेला. पास झालो तर जोड देणार व्हतो. नापास झालो तर... कुठल्या तोंडानं देऊ?"

"नापास झालास तरी आणून द्यायचा!" ती इतक्या जोरात ओरडली की सगळं कॅन्टीन वळून बघू लागलं. "एकाच पायात घालून हिंडू व्हय मी जन्मभर?"

सम्राट वेड्यासारखा हसत सुटला.

"हसतोस काय? पाचवं गणित सोडव आधी!"