घरठसा

सोमवारी सकाळी ‘चारघास’च्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत आदल्या दिवशीचे ठसे येऊन पडत. राज्यातल्या एकशे बारा शाखांत जेवून गेलेल्या कुटुंबांचे ते आंत्रठसे. माणसाच्या पोटात कुठले जिवाणू किती आहेत याची नोंद, म्हणजे आंत्रठसा. हा शब्द डॉ. केतकी बिरनाळेनंच घडवला होता, आणि तो ठसा वाचणारं यंत्रही तिचंच.

झटपट खाणं विकणाऱ्यांनी आरोग्याची भाषा पूर्वीही केली होती. तेल थोडं कमी करायचं, वर कोबीचं पान ठेवायचं आणि जाहिरात करायची. केतकीचं म्हणणं वेगळं होतं. एकच बर्गर नातवाला मानवतो आणि आजोबांची साखर चढवतो, कारण दोघांच्या पोटातली वस्ती वेगळी. म्हणून चारघासमध्ये बसल्याबरोबर प्रत्येकाला वाटीभर मुगाचं कढण मिळे. त्याचा उष्टा चमचा आत गेला की ठसायंत्र चार मिनिटांत लाळेवरून अंदाज घेई आणि टेबलावर दिसायला, चवीला सारखे, पण आतून निरनिराळे बर्गर येत. कुणाच्या पावात ज्वारीचा कोंडा जास्त, कुणाच्या टिक्कीत कच्च्या केळ्याचं पीठ. शिवाय प्रत्येक घासाबरोबर उपकारक जिवाणूंचं नवं विरजण पोटात जाई. आठवड्यातून एकदा जेवलं तरी पुरे, मात्र नेमानं; एकदाच जेवलं तर परिणाम आठवड्याभरात ओसरे. दोन वर्षांत नेहमीच्या गिऱ्हाइकांची साखर उतरली होती, मुलांची वजनं ताळ्यावर आली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

जूनमधल्या एका सोमवारी आकडेवारी बघणारे डॉ. इलियास मुजावर तिच्या खोलीत आले. त्यांनी विचारलं, “तुमच्या घरचं कुणी काल कराडच्या शाखेत जेवलं का?”

“माझ्या घरचं कुणी उरलेलं नाही.”

त्यांनी कागद पुढे ठेवला. चाचणीसाठी केतकीचा ठसा यंत्रात घातलेला होता. कराडच्या कुणा बाईचा ठसा त्याच्याशी एकेचाळीस टक्के जुळत होता. परक्या माणसांत हा आकडा बाराच्या वर जात नाही.

“रक्ताचं नातं?” मुजावरांनी विचारलं.

“नुसत्या रक्तानं इतका जुळत नाही,” केतकी सावकाश म्हणाली. “लहानपणी एका ताटात जेवलेल्यांचाच जुळतो. त्या वयात जे जिवाणू पोटात घर करतात, ते खाणं मुळापासून बदललं नाही तर जन्मभर राहतात. हा घरठसा आहे.”

तिनं कागद स्वतःकडे ओढला.

तासगावच्या घरात आई दोघी बहिणींना एकाच ताटात वाढायची. शर्वरीताई दोन वर्षांनी मोठी. आंबीलही एकाच भांड्यातून, ताई आधी, मग केतकी. पंचविसाव्या वर्षी ताईनं वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि वडिलांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. आई शेवटपर्यंत, दारात कुणी आलं की आधी चपला कुणाच्या ते बघायची. ताईच्या चपला कधी दिसल्या नाहीत.

गिऱ्हाइकाचं नाव किंवा टेबलाचा क्रमांक ठेवायला कायद्यानं मनाई होती. ठशावर फक्त शाखा, तारीख आणि बाई की पुरुष एवढंच. एवढं शोधणंही नियमाला धरून नाही, असं मुजावरांनी सांगून पाहिलं. पुढच्या रविवारी केतकी कराडला गेली.

चाळीस टेबलं, आणि प्रत्येकावर एक तरी पन्नाशीची बाई. नुसतं बसून राहता येईना, म्हणून ती, एरवी घरचा डबाच खाणारी, मधल्या एका टेबलावर जेवायला बसली आणि चेहरे बघत राहिली. ताईचा पंचविशीतला चेहरा तिला पाठ होता, पण त्यावर सत्तावीस वर्षं कशी चढवायची ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा आला: छत्तीस. म्हणजे ती त्याच खोलीत होती.

मग दर रविवारी तेच. दर सोमवारी तो ठसा येई, आणि दर सोमवारी आकडा उतरलेला असे. एकोणतीस. तेवीस. अठरा. त्याचं कारण तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचं अन्न आपलं काम चोख करत होतं. ताईची तब्येत सुधारत होती आणि तासगावचं घर तिच्या पोटातून निघून जात होतं. आपण इतकं चांगलं अन्न बनवायला नको होतं, असं केतकीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. नवव्या सोमवारी आकडा बारावर आला. बारा म्हणजे कुणीही.

त्या दिवशी मुजावर दुपारभर नोंदी चाळत होते. संध्याकाळी ते म्हणाले, “यंत्र तिचा ठसा तुमच्या कुठल्या ठशाशी ताडून बघतं?”

“सर्वांत ताज्या. दर सोमवारी सकाळी मी इथे देते त्या.”

“आणि तुम्ही दर रविवारी तिथे जेवता.”

केतकीनं जूनमधला आपला जुना ठसा काढला आणि नऊही रविवारांचे ठसे त्याच्याशी लावून पाहिले. एकेचाळीस. एकेचाळीस. चाळीस. एकेचाळीस. त्या बाईत काहीच बदललं नव्हतं. घर निघून गेलं होतं ते केतकीच्या पोटातून.

तिनं स्वतःला सावरलं ते शास्त्रज्ञ म्हणूनच. नऊ रविवार येऊनही जिचा ठसा हलत नाही, ती बाई कढण चाखते, पण जेवत नाही. तेव्हा चेहरे बघायचे नाहीत. ताटं बघायची.

पुढच्या रविवारी तिनं ताटं बघितली. खिडकीजवळ एक तरुण स्त्री दोन मुलांना भरवत होती. तिच्या शेजारी आखूड पिकल्या केसांची, जाड भिंगांची, अंगानं सुटलेली एक बाई बसली होती. केतकीची नजर तिच्यावरून कितीतरी वेळा गेली असेल. तिच्या पुढ्यातला बर्गर होता तसाच होता.

केतकी उठून तिच्यापाशी गेली. प्रवासात ठरवलेलं एकही वाक्य आठवेना.

“तुम्ही जेवत नाही?” तिनं विचारलं.

बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला, पण परत डोळ्यांवर ठेवला नाही.

“पहिल्या खेपेला जेवले होते,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारपासून तू समोर येऊन बसायला लागलीस, केतू. मग घास उतरेना.”