उसाला टाके

आम्ही दोघे एकाच संगणकापुढे बसलो होतो. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, काळ्या पडद्यावरची हिरवी रेघ थांबली होती, आणि तिच्याकडे पाहत राहण्यावाचून आम्हाला दुसरे काही सुचत नव्हते. रेघ शून्याच्या खाली उतरली होती. आमच्या गणिताप्रमाणे उसावरच्या पाकोळ्या, म्हणजे रस शोषणाऱ्या किडी, आता उणे चाळीस होत्या.

अखेर मीच धीर केला. "उणे पाकोळ्या... दिसायला कशा असतात हो?"

"प्राणिशास्त्र तुमचं," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "मी अजून साधी, जिवंत पाकोळीसुद्धा पाहिलेली नाही."

मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. ओठांनी अडवून धरलेले हसू डोळ्यांतून सांडत होते. मलाही हसू आवरेना, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून राजेश्वरी मॅडमचा आवाज आला, "तिकडे काय फुटलं?"

शहाण्णव सालचा श्रावण होता. बारामतीच्या आमच्या महाविद्यालयात संगणकाच्या खोलीत शिरताना तेव्हा चपला बाहेर काढाव्या लागत. राजेश्वरी मॅडम दर शनिवारी-रविवारी पुण्याहून येत आणि तळे, कुरण, शेत यांतले जगणे-मरणे समीकरणात कसे मांडायचे, ते संगणकावर कसे चालवून पाहायचे, हे शिकवत. त्यांचा एक नियम होता : गणिताच्या विद्यार्थ्याला जीव कळत नाही, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित कळत नाही, तेव्हा एकेकाला धरून एकाच पडद्यापुढे बसवायचे. जोड्या त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. माझ्या चिठ्ठीवर नाव होते, बुद्धघोष. वडील बारामतीतच बँकेत, तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आणि मी ज्योत्स्ना, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची, एस.टी.ने येणारी, केसांत धूळ आणि पिशवीत उसाची पाने घेऊन.

"चूक पाकोळ्यांची नाही," तो म्हणाला. "आपण एका उडीत अख्खा आठवडा ओलांडतोय. पाऊल फार मोठं पडलं."

"मग?"

"लहान पावलं टाकायची. घाई नाही ना तुम्हाला?"

"पाचची एस.टी. आहे."

"मी गणिताबद्दल विचारलं."

"मीसुद्धा..." म्हणाले खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्याचे मला कळत होते.

पाने मी उगीच आणत नव्हते. त्या वर्षी आमच्या आडसाली, म्हणजे दीड वर्षाने तुटणाऱ्या, उसावर पाकोळी बसली होती. बोटाच्या पेराहून लहान, गवताच्या वाळल्या काडीच्या रंगाची. हात लागताच टणकन उडणारी. ती पानाचा रस शोषते, पानावर चिकटा धरतो, चिकट्यावर काळी बुरशी. ऊस उभ्या उभ्या आतून रिता होत जातो. शेजारच्या गेणबातात्यांनी फवारणीचा पंप ठरवला होता. मी आबांना, माझ्या वडिलांना, थांबवले, कारण पानांच्या पाठीला मला पांढरे, पापुद्र्यासारखे कोष दिसले होते. ते पाकोळीच्या वैरिणीचे. तिची पिल्ले पाकोळीच्या पाठीवर चिकटून तिलाच खाऊन मोठी होतात आणि पुढे काळपट पंखांचे इवले पतंग बनून उडतात.

"पोरी, तात्या परवा मारतोय औषद," आबा म्हणाले होते. "तू म्हन्तीस थांबा. कशाच्या जिवावर थांबू?"

"औषदानं दोनीबी मरत्याल, आबा. पाकोळी परत यील. ही मित्रकीड न्हाय येनार."

"कोन म्हन्तंय ह्ये?"

"गणित म्हन्तंय."

आबा उसाकडे पाहत राहिले. वर्षाची सगळी मेहनत त्या हिरव्या भिंतीत उभी होती. माझे आबा, धोंडीबा, चौथी शिकलेले. पण मला एम.एस्सी.पर्यंत शिकवताना त्यांनी एकदाही विचारले नव्हते की पुढे काय. आमच्याकडे काळ मोजतात तो कालव्याच्या पाळीवर. आपल्या रानाला पाणी येण्याचा दिवस, तो खरा दिवस. आबा म्हणाले, "बरं. पुढल्या पाळीपातूर थांबतो. तवर पाकोळी हटली न्हाय तर पंप आननार. मग कुनाचं ऐकायचो न्हाय. तुजं तर न्हायच न्हाय."

म्हणजे ऊस आणि घरातला माझा शब्द, दोन्ही आता त्या हिरव्या रेघेला बांधलेले होते.

श्रावणाचे ते शनिवार मला अजून त्यांच्या उजेडासकट आठवतात. खिडकीबाहेर ऊन आणि सर एकमेकांना वाट देत असायचे. मी पाने पसरायचे, भिंगाखाली कोष मोजायचे. तो तपासायला पुन्हा मोजायचा आणि आकडे भरायचा. त्याची अक्षरे इतकी सरळ की त्यांच्यावरून मुंगीसुद्धा रांग न मोडता गेली असती. एकदा त्याने फळ्यावर समीकरण लिहिले आणि शेवटच्या पदाखाली रेघ ओढली. पाकोळीची संख्या गुणिले मित्रकिडीची संख्या.

"हे भेटीचं पद. एकीची दुसरीशी गाठ पडण्याची शक्यता. या भेटीत एक वाढते, एक घटते."

"दोघांचंही वाढतं, अशा भेटी नसतात वाटतं तुमच्या गणितात?"

खडू त्याच्या हातात थांबला. "असतात. दोन्हीकडे अधिक चिन्ह येतं. पण ते प्रकरण मॅडमनी अजून शिकवलेलं नाही."

"पुढचं वाचून ठेवायची सवय नाही?"

"आहे..." तो फळा पुसू लागला, कोरा झालेला फळाही पुसत राहिला. "वाचलंय."

रेघ आता शहाण्यासारखी वागत होती. पाकोळी वर चढायची, मागोमाग मित्रकीड, आणि मग पाळीच्या सुमारास पाकोळीचा डोंगर उतरू लागायचा. तो कागद छापून घेताना छपाईयंत्र किती किरकिरले! मला मात्र ते गाणे वाटले. मी तो आबांना दाखवला. आबांनी उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "डोंगार झ्याक हाय. पर उसात जाऊन बग जरा."

उसात डोंगर उतरत नव्हता.

पाळी जवळ येत चालली, तशी माझी झोप पातळ होत गेली. पाने अधिकच चिकट. कोष होते, पण वाढत नव्हते. तात्यांच्या फवारलेल्या उसात तेवढ्यापुरती तरी पाकोळी नाहीशी होती, आणि बांधावरून तात्या ओरडायचे, "काय गं, तुजं कांप्युटर पाकोळी खातंय का न्हाय अजून?" मी हसून वेळ मारून न्यायचे. आबा हसत नसत. तेच फार लागायचे.

पाळीच्या आधीच्या शनिवारी मी बारामतीला पोचले, तेव्हा संगणकाच्या खोलीपुढे गर्दी होती. आत, चारही पडद्यांवर, भिंतीवर, मॅडमच्या पांढऱ्या साडीच्या पदरावर इवले काळपट पतंग बसले होते. कोणीतरी दिवा लावला, तशी ती सगळी काळी नक्षी उठून हवेत तरंगू लागली. बुद्धघोष मधोमध उभा होता. त्याच्या बाहीवर एक, केसांत दोन. कोपऱ्यातल्या माझ्या पिशव्या, आठवड्या-आठवड्याला आणलेल्या पानांच्या, तोंडाशी उघड्या पडल्या होत्या.

मॅडमनी पदरावरचा एक पतंग बोटावर घेतला, निरखून पाहिला आणि शांतपणे विचारले, "ज्योत्स्ना, तुमच्या समीकरणात पाकोळी आहे. तिला खाणारी आहे. पण खाणारीला नेणारा कोणी आहे का?"

"नाही, मॅडम."

"आहे. तो दर शनिवारी एस.टी.ने येतो."

सगळे हसले. माझ्या पायांखालची फरशी मात्र थंड होत गेली. मोजायला म्हणून प्रत्येक खेपेला कोषांची पाने मीच तोडून आणली होती. आबांच्या उसाचे औषध मी पिशवीत भरून बारामतीला वाहत होते, आणि इथे त्याचा हिशेब करत होते.

बुद्धघोषने खाली बसून समीकरणात एक नवे पद घातले. तोडणीचे. रेघ फिरली आणि जशी उसात होती तशीच पडद्यावर उमटली. न उतरणारा, हट्टी डोंगर.

गर्दी पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "एक विचारू? मूठभर पानं पुरली असती. तू एवढ्या पिशव्या का आणायचीस?"

त्याने मला 'तू' म्हटले होते. मी पडद्यावरचा पतंग पाहत राहिले. पंख मिटायचा, उघडायचा...

"थोडी आणली असती," मी म्हणाले, "तर... दुपारपर्यंत मोजून झाली असती."

त्याने कोपऱ्यातल्या पिशव्यांकडे पाहिले. मग त्याचे कान लाल झाले, आणि तो एकदम हसला, मोकळा, मोठ्याने. त्या हळू आवाजाच्या माणसात एवढे हसू राहत होते हे मला ठाऊक नव्हते.

"मी प्रत्येक पान दोनदा मोजायचो," तो म्हणाला. "तपासणी म्हणून नाही."

त्याच दुपारी आम्ही न उमललेल्या कोषांची पाने निवडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि इंदापूरची एस.टी. धरली. मॅडमनी कार्यालयातली कागद टाचायची दोन यंत्रे, म्हणजे स्टेपलर, दिली. "कोषाचं पान उसाच्या पानाला मागच्या बाजूनं टाचा. ऊन लागू देऊ नका," त्या म्हणाल्या आणि उगाच हसल्या. "आणि रांगा वाटून घ्या, नाहीतर काम व्हायचं नाही."

रांगा आम्ही वाटून घेतल्या नाहीत.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. आत हिरवा अंधार, पानांच्या धारा हाताला ओरखडे काढत होत्या. मी पान धरायचे, तो टाका मारायचा. मग तो धरायचा, मी मारायचे. मध्येच भुरभुर सुरू झाली. आमच्याकडचा पाऊस तो, पाहुण्यासारखा उंबऱ्यातूनच परतणारा. त्याच्या कपाळावर थेंब आणि बुरशीची काळी रेघ.

"ही बघ," मी एक पान उलटून म्हणाले. "साधी, जिवंत पाकोळी."

ती टणकन उडून त्याच्या नाकावर बसली. तो जागच्या जागी थिजला. "आता काय करायचं?"

"काही नाही. लहान पावलं..." मी फुंकर घातली. पाकोळी गेली. आम्ही दोघे मात्र तिथेच, एका फुंकरीच्या अंतरावर राहिलो.

"ज्योते!" बांधावरून आबांची हाक आली. "ह्यो कोन हाय? आन् काय शिवताय उसात?"

मी सगळे सांगितले. लपवण्यासारखे होते, तेवढे सोडून. आबांचा चेहरा आधी कठीण झाला. "म्हंजी औषद हितंच हुतं, आन् तूच उचलून न्हेत हुतीस?"

"व्हय, आबा."

"बारामतीला?"

"व्हय."

आबांनी माझ्याकडे पाहिले. मग काळ्या कपाळाच्या त्या पोराकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसायला लागले, इतके की त्यांना बांधावर बसावे लागले. तिकडून तात्या ओरडले, "धोंडीबा, उसाला टाकं घालतोयस व्हय रं? येडा झालास का काय?"

"घालू दे की!" आबा ओरडले. "माजा ऊस हाय, माजी पोरगी हाय! अजून एक पाळी थांबतो मी!"

ती पाळी मी कशी काढली, ते सांगता येणार नाही. रोज सकाळी पान उलटायचे आणि पापणी लवू द्यायची नाही. आधी काही नव्हते. मग एका पाकोळीच्या पाठीवर कापसाच्या कणाएवढे पांढरे ओझे दिसले. मग दुसरीच्या. मग, एका सकाळी, मी पान हलवले आणि उडायला पाकोळीच नव्हती. नवी पालवी वर आली होती, कोरी, न चिकटणारी, आणि तिच्यावरून ऊन घरंगळत होते. तात्यांच्या उसावर त्याच आठवड्यात पाकोळी परत बसली. ते गुपचूप येऊन आईला विचारून गेले, "वैनी, त्ये टाकं घालायचं यंत्र कुठं मिळतंय?"

पाळीच्या दिवशी बुद्धघोष आला. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, हातात काहीच नाही. "जय भीम, आबा," म्हणून तो बांधावर उभा राहिला. आबा पाटाच्या तोंडाशी उभे राहून सऱ्यांना पाणी देत होते. पाळीच्या पाण्यावर ते कधी कोणाला उभे करत नसत. आजारी असले तरी स्वतः येत. म्हणत, पाण्याला घरचाच हात लागतो.

"ऊस सुधारला, आबा."

"दिसतंय की."

"आता मोजायचं काही उरलं नाही..." त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पाहिले असते तर बोलणे मोडले असते. "म्हणून सरळ विचारतो. ज्योत्स्नाला विचारलंय, तिची ना नाही. पुढल्या रविवारी माझ्या आई-वडिलांना घेऊन आलो... तर चालेल का?"

पाणी सरीतून खळखळत चालले होते. माझे काळीज त्याच्यापुढे धावत होते.

आबांनी सरी भरेपर्यंत वाट पाहिली. मग डोक्याचा पटका सोडला, तोंड पुसले, पुन्हा बांधला. हातातले खोरे त्यांनी एकदा पाण्यात धुतले, बुद्धघोषच्या हातात दिले, आणि माझ्याकडेही न पाहता, बांधाबांधाने घराकडे चालू लागले.