दत्तप्रसादचा कूलर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने हडपसरला यावं आणि भर दुपारी सर्जेरावांच्या जिन्यापाशी उभं राहावं.

यंदाचाच मे. सर्जेरावांच्या वरच्या खोल्यांतली कॉलेजची पोरं सुट्टीला गावी गेली होती. एकटा दत्तप्रसाद राहिला. अकोल्याचा, एकवीस वर्षांचा, इंटर्नशिपसाठी थांबलेला. गावाहून त्याने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणला होता.

"पुण्यात कूलर लागत नाही म्हणतात, अन् घामानं मरून राहिले सारे," तो म्हणायचा.

कूलरला पाणी न्यायचं काम सर्जेरावांच्या मुलाने, विक्रमने, आपणहून घेतलं. तोही त्याच वयाचा. एक बादली ओतायला त्याला सबंध दुपार लागायला लागली. एखाद्याच्या नुसत्या हसण्याने जीव असा वेडा होतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

मग एका दुपारी सर्जेराव वर आले.

दार नुसतं लोटलेलं होतं.

त्यांनी विक्रमचा मोबाइल काढून घेतला आणि त्याची रवानगी सासवडला आत्याकडे केली. आठवड्याने तो परतला, तर वरच्या खोलीला कुलूप.

"गेला गावाला," सर्जेराव म्हणाले. "तुला काय करायचंय?"

मोबाइल हातात पडताच दत्तप्रसादच्या आईचा फोन आला. पोरगा घरी पोहोचलाच नव्हता.

विक्रमचं डोकं फिरलं. त्याने कुलूप फोडलं.

आत कुणी नव्हतं. पण कूलर तिथेच होता. मे महिन्यात अकोल्याला निघालेला माणूस कूलर मागे ठेवून जातो?

वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती.

आणि तरीही… कूलर सुरू झाला.

टाकीत थेंब नव्हता. पंप कोरडाच खरखरत होता, घसा सुकलेल्या माणसासारखा. खोलीभर ओल्या वाळ्याचा वास सुटला…

जिन्यात सर्जेराव कानांवर हात दाबून उभे होते.

"टाक की एक बादली," ते पुटपुटले. "कोंडल्यावर दोन दिस पाणी-पाणी करत हुता. अजून भागंना व्हय?"

विक्रमला सगळं समजलं.

"कोण करत होता, अण्णा?"

सर्जेराव भराभर जिना उतरून गेले.

विक्रमने पोलिस आणले. त्यांनी खोली पाहिली, खाली बसून सर्जेरावांचा चहा प्यायले आणि गेले. देह नाही, पुरावा नाही.

विक्रमने बादली बापाच्या पुढ्यात आदळली.

"आता दुपारची टाकी तुम्हीच भरा."

तेव्हापासून सकाळी विक्रम टाकी काठोकाठ भरतो. ओतताना त्याच्या मानेवर गार झुळूक येते… वायर खिळ्यालाच असते.

दुपारी मात्र सर्जेरावांना टाकी कोरडी ठणठणीत मिळते. ते बादल्यांवर बादल्या ओततात. पाणी जातं कुठे, कुणास ठाऊक. एकदा ते लेकीकडे पळून गेले. खरखर तिथेही गेली.

विक्रम पायरीवर बसून बघतो. त्याला दया येत नाही.

आता मे संपत आलाय. लोक कूलर पुसून, झाकून ठेवतील.

बापाचं काय व्हायचं ते होवो. विक्रमला धास्ती एकच आहे. उन्हाळा सरला की वरची खोली गप्प होईल, आणि या वेळी दत्तप्रसाद खरोखरच गेलेला असेल.