तीनशे एक्केचाळिसावी फाइल

हर्षदीप मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या मांडीवर कॉम्प्युटर होता. लॅपटॉप नाही, आख्खा डबा. जुना, पिवळट पडलेला, बाळासारखा दोन्ही हातांनी धरलेला. आदिलाबादहून जैनथला जाणारी सकाळची बस, नोव्हेंबरचा गारठा, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग... आणि बसमध्ये एकच जागा रिकामी, त्याच्या शेजारची.

कंडक्टरनं माझं आधारकार्ड पाहून मला जिरो टिकीट दिलं. आमच्याकडं तेलंगणात बायकांना बस फुकट आहे, पण टिकीट घ्यावंच लागतं, त्यावर शून्य छापलेलं. मग त्यानं डब्याकडं बोट दाखवून तेलुगूत विचारलं, याचं लगेज कोण भरणार? हर्षदीप गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ही पण लेडीज आहे, जिरो द्या. कंडक्टर हसला, मीही हसले. हसल्यावर गाल दुखले... इतके दिवस हसले नव्हते मी.

दमले होते हो. दुसरा शब्दच नाही. वय एकोणतीस, जैनथच्या एका मराठी शाळेत कंत्राटी ऑपरेटर. शाळेला फेब्रुवारीत पन्नास वर्षं होणार होती आणि मुख्याध्यापक बाबाराव सरांना सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी हवी होती. नाव, गाव, फोन, सध्या काय करतो. एकाचा नंबर मिळाला की त्याच्याकडून दुसऱ्याचा. दिवसाला चाळीस फोन करायची मी. निम्मे लोक विचारायचे, कोन दीक्षा? संध्याकाळपर्यंत मलाही तेच वाटायला लागायचं. घरी गेलं की आई स्थळांचे फोटो घेऊन तयार.

तो डबा आमच्याच शाळेत चालला होता हे उतरल्यावर कळलं. हर्षदीप इचोड्याचा. जुने कॉम्प्युटर पुन्हा चालते करायचा. शाळेतले पाच खटारे नेहमीच्या सिस्टिमवर धापा टाकायचे, म्हणून त्यानं त्यांच्यात दुसरीच एक छोटी, फुकटातली सिस्टिम घातली. मांडीवरचा तो सहावा. दर शुक्रवारी यायचा, डबे तपासायचा, चहा प्यायचा, आणि परतीच्या पाच दहाच्या बसला आम्ही बरोबर असायचो.

त्या सिस्टिमची तऱ्हा न्यारी होती. तिथं प्रत्येक माणसाची एक फाइल. पण फाइल उघडली तर आत काहीच नाही, वजन शून्य. नाव, गाव, फोन, सगळं फाइलच्या बाहेर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखं. आपल्याला हवी ती नवी चिठ्ठीही लावता यायची. पहिल्या दिवशी मी वैतागले, की एवढं टाइप केलं आणि फाइल शून्यच दाखवून राह्यली.

तो म्हणाला, “मॅडम, तुमचं टिकीट जिरो हाय म्हणून तुमी बसमंदी नाही का?”

मी कपाळ दाबत चहा घेतला. बिनसाखरेचा होता. मी सांगितलं नव्हतं... पण दमलेल्या माणसाला अशा गोष्टी तेव्हाच्या तेव्हा दिसत नाहीत, हेच खरं.

असे आठ-दहा शुक्रवार गेले. तो बोलायचा कमी. बसमध्ये डावीकडची खिडकी माझ्यासाठी धरून ठेवायचा, एवढंच. मला तो आवडायला लागला होता, उगाच कशाला लपवू. शुक्रवारी मी निळी ओढणी घ्यायची आणि स्वतःलाच सांगायची, धुतलेली तीच होती.

जानेवारी संपता संपता यवतमाळचं स्थळ आलं. पाहुणे पुढच्या शनिवारी घरी येणार. मी हो म्हणणार होते. मुलगा आवडला म्हणून नाही, नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून. बसमध्ये हर्षदीपला मुद्दाम सांगितलं. म्हटलं, आता तरी काही बोलेल. तो “हं” म्हणाला आणि आदिलाबाद येईपर्यंत रस्ता बघत बसला. असा राग आला मला... आणि रागाहून जास्त रडू.

पुढचा शुक्रवार आला. नवे कॉम्प्युटर आले होते, जुने दुपारीच रवाना व्हायचे होते. बाबाराव सर म्हणाले, यादी नव्यावर घ्या आणि जुनं साफ करा. मी तीनशे चाळीस फाइली पेनड्राइव्हमध्ये टाकल्या. मशीननं मध्येच काहीतरी विचारलं. मी न वाचता ‘ठीक’ दाबलं. थकलेला माणूस ठीकच दाबतो. मग जुनं फोल्डर पुसलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

नव्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावला. तीनशे चाळीस नावं आली आणि नावाखाली काही नाही. गाव नाही, फोन नाही. तीन महिने पुसून गेले होते. मी खुर्चीतून उठलेच नाही. उठून जायचं तरी कुठं?

हर्षदीप खोलीत आला, त्यानं पडदा पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसला. हळूहळू सांगितलं, की पेनड्राइव्हला त्या चिठ्ठ्या कळतच नाहीत. तो फक्त फाइलचं पोट नेतो, आणि इथं पोट तर रिकामंच. बाहेरचं सगळं वाटेतच गळून पडतं. मग म्हणाला, झिप करून बांधलं तर मात्र टिकतं. तो दर शुक्रवारी सहाव्या डब्यावर तशी एक झिप करून ठेवायचा, मला न सांगता. आज सकाळी आल्या आल्याही केली होती.

मी म्हटलं, “काऊन नाही सांगितलं?”

“तुमी दमलेल्या असता. आनखी एक काम कशाले सांगू?”

आम्ही सहावा डबा लावला. झिप उघडली. चिठ्ठ्यांसकट एकेक माणूस परत येत गेला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खाली आकडा थांबला : तीनशे एक्केचाळीस.

म्हटलं, एक जास्त कशी? हर्षदीपनं घाईघाईनं माउसकडं हात नेला, पण माउस माझ्याकडं होता. शेवटची फाइल त्यानंच सहाव्या डब्यावर केलेली होती, नोव्हेंबरातली. मी चिठ्ठ्या वाचल्या.

नाव : दीक्षा. चहा : बिनसाखरेचा. बस : पाच दहा, डावी खिडकी. हसली : एकूण सात वेळा. दमली की : डाव्या हातानं कपाळ दाबते, तेव्हा काही बोलू नये. विचारायचं : पुढच्या शुक्रवारी.

माझा डावा हात कपाळावरच होता. तो तसाच राहिला.

त्याची मान खाली. पुटपुटत म्हणाला, की तुमी दर शुक्रवारी एवढ्या थकलेल्या दिसायच्या, मग वाटायचं आज नको, पुढच्या वेळी. आणि पाहुण्यांचं कळल्यावर तर तोंडच उघडेना.

“उद्या पाहुणे हायेत,” मी म्हटलं. “पुढच्या शुक्रवारी काय करसान?”

तो बोटानं किबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

“आनं हे मी घरी कसं नेऊ? पेनड्राइव्हमंदी टाकलं त सारं गळून जाते. तोंडानं सांग ना.” सांग म्हणाले मी, सांगा नाही. तो दचकला.

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरांचा गलका उठला. त्यात तो इतक्या हळू बोलला, पण मला नीट ऐकू आलं.

“दीक्षा... माह्याशी लगन करशीन का?”

मी कपाळावरचा हात काढला. “हाव,” म्हटलं. आणि मग किती तरी वेळ आम्ही दोघं यादीतले फोन नंबर तपासत बसलो, काय करणार, दुसरं काही सुचेना.

पाच दहाच्या बसमध्ये डावी खिडकी त्यानं धरली होती. कंडक्टरनं मला जिरो टिकीट दिलं. मी आईला फोन लावला, म्हटलं, यवतमाळवाल्यांना नको म्हणून कळव. आईनं आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग विचारलं, काऊन? कोनी हाय का दुसरा?

काय सांगावं, कुठून सुरुवात करावी... मी खरंच फार दमले होते. मी शेजारी पाहिलं. हर्षदीपनं हात पुढं केला, माझ्या हातातून फोन घेतला आणि घसा साफ करून म्हणाला, “आई, मी हर्षदीप बोलून राह्यलो.”

मी डोकं खिडकीला टेकलं आणि डोळे मिटले.